बोलीवर आणलेली गिटार

आमच्या केदारखेड्यात कुणाच्या घरी नवी वस्तू आली की लोक आधी विचारतात, "केवढ्याला बसली?" आकडा कळला की म्हणतात, "फसले." वस्तू काय आहे, हे त्यानंतर सवडीनं विचारतात. पद्धत तशी वाईट नाही. तिच्यामुळे फ्रिज, बोअरची मोटर आणि एकदा तर एक जावई, हे सगळे एकाच तराजूत तोलले गेले, आणि निकालही सगळ्यांचा एकच लागला.

त्यामुळे बद्रीनाथ आबांच्या नातीनं, राजनंदिनीनं, इलेक्ट्रिक गिटारचा विषय काढला तेव्हा आबांनी गिटार म्हणजे काय हे विचारलंच नाही.

"केवढ्याला?"

"बत्तीस हजार."

"फसशीन," आबा म्हणाले आणि पुन्हा भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागले.

राजनंदिनी जालन्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. होस्टेलवर तिच्या खोलीत अर्पिता नावाची मुलगी राहायची आणि तिच्याकडे गिटार होती. अर्पिता अभ्यासाला बसली की ही वाजवायला बसायची. असं करून अर्पिता पहिल्या वर्गात पास झाली आणि राजनंदिनीला गिटार वाजवता यायला लागली. मग अर्पिता पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली आणि जाताना स्वतःची गिटार घेऊन गेली. तो तिचा हक्कच होता. पण तेव्हापासून राजनंदिनीची बोटं जेवताना ताटाच्या कडेवर चालायची, एसटीत समोरच्या बाकड्यावर चालायची. आजीनं, म्हणजे झुंबरबाईनं, ते पाहिलं. पोरीला वाताचा त्रास सुरू झाला असं समजून तिनं एरंडाचं तेल चोळून दिलं.

घरात वडील होते, आई होती, दोघंही कमावती होती. पण त्या घरात बादलीपेक्षा मोठी वस्तू आबांना विचारल्याशिवाय येत नसे. आबांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एक सायकल आणि एक कानाचं मशीन एवढंच घेतलं. मात्र बैल घेतले ते सगळ्या गावासाठी. कुणाला जोडी घ्यायची असली की लोक आबांना बाजारात घेऊन जायचे. आता गावात बैल उरले नाहीत, त्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. आबांची नजर तेवढी शिल्लक राहिली आणि तिला काम उरलं नाही.

राजनंदिनीनं तयारी केली होती. मोबाईलवर तिनं गिटारींची परीक्षणं पाहिली होती. एक दाढीवाला परदेशी माणूस गिटार उलटीपालटी करायचा आणि शेवटी म्हणायचा, या किमतीत उत्तम आहे. दुसरा बिनदाढीचा म्हणायचा, या किमतीत आणखी चांगली असायला हवी होती. दोघांच्याही हातात तीच गिटार. "या किमतीत" हा शब्द मोठा सोयीचा आहे. आपल्याकडे तो रस्त्यांना लागतो, आमदारांना लागतो, बिनहुंड्याच्या नवऱ्या मुलालाही लागतो. त्यात स्तुतीही होते, निंदाही होते, आणि बोलणाऱ्याला कुणी धरू शकत नाही.

"आबा, एकदा बघायला तर चला," ती म्हणाली.

आबांनी शेंगांची टरफलं झटकली. "बोलीवर देतो का तो दुकानवाला?"

बोलीवर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बैलबाजारात विकणारा उभा राहून सांगायचा, याला अमुक खोड आहे, बाकी जनावर खरं. घेणारा बैल घरी न्यायचा, जुवाला लावून बघायचा. न सांगितलेली खोड निघाली तर ठरल्या मुदतीत बैल परत, पैसे परत. मात्र मुदतीत बैलाला इजा झाली, तर ती घेणाऱ्याच्या माथी. या सगळ्याला कागद नसायचा. कागद नसल्यामुळे शब्द मोडायची पळवाटही नसायची.

"बोलीवर देत असंल तर आणू," आबा म्हणाले. "खोड निघाली तर वापस. आन् वापस गेली, तर परत ह्या घरात तो इषय काढायचा न्हाई. कबूल?"

राजनंदिनीनं मान हलवली. "कबूल."

जालन्याच्या दुकानात आबांबरोबर सांडूही गेला. सांडू म्हणजे हसनाबादचा, आबांचा जन्माचा मित्र. मेंढरांच्या मागं सगळं आयुष्य गेलेलं, आता मुलं गाड्या चालवतात आणि हा कुणाच्याही खरेदीला साक्षीदार म्हणून जातो. एकट्यानं खरेदी करणं आमच्याकडे संशयास्पद मानतात.

दुकानदाराचं नाव कल्याण. चाळिशीचा, नम्र माणूस. त्यानं आभाळासारख्या निळ्या रंगाची गिटार काचेवर ठेवली.

"खोड सांगा," आबा म्हणाले.

"खोड? आबा, नवीन पीस आहे. आजच खोक्यातून काढला."

"नव्यालाच जास्ती असत्यात. जुन्याच्या तरी म्हाईत असत्यात."

सांडूनं बोटानं टकटक केलं. "भरीव हाय. बिलकुल पोकळ न्हाई. मंग आवाज कुठून निघतो?"

कल्याणनं तार छेडली. माशी उडावी तेवढा आवाज आला.

"मुकं हाय," सांडू म्हणाला.

"नाही हो, आवाज या डब्यातून येतो." कल्याणनं वायर जोडली, आणि दुकान हादरलं. बाहेर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावून गेला.

"डबा बत्तीस हजारात धरला का?" आबांनी विचारलं.

"डबा वेगळा."

सांडूनं आबांकडे पाहिलं. "म्हंजी म्हैस आपली, आन् दूध काढायला चरवी शेजाऱ्याची."

आबांनी गिटार हातात घेतली. वजन पाहिलं. मानेवरून तळहात फिरवला, एकदा खाली, एकदा वर. राजनंदिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तो चेहरा बाजारात असायचा तसाच होता, म्हणजे काहीच सांगत नव्हता.

"कडंला बोचून राह्यलं," ते म्हणाले.

कल्याणनं मान हलवली. "पडद्यांची टोकं आहेत, मानेवरच्या या लोखंडी पट्ट्यांची. थोडी घासावी लागतात. एवढी खोड आहे, मान्य करतो. फुकट घासून देतो."

"बघा, सांगितली का न्हाई खोड!" आबा खूश झाले. कल्याणनं त्याच वेळी त्यांचं मन जिंकलं, पण त्याला ते कळलं नाही. तो टोकं घासायला लागला.

बोली ठरली. पैसे मोजून द्यायचे आणि पुढच्या सोमवारपर्यंत गिटार घरी ठेवायची. पटली तर ठेवून घ्यायची, नाही तर गिटार परत, पैसे परत. सरावाला एक जुना डबाही त्यानं दिला. "फक्त ओरखडा नको, आणि स्क्रू कुणी खोललेले नकोत. खोलली की माझ्याही हातात काही राहत नाही."

"बराबर," आबा म्हणाले. "जनावराला इजा झाली तर आमची."

गिटार केदारखेड्यात आली. ओट्यावर माणसं जमली, केवढ्याला बसली विचारून फसले म्हणाली, आणि चहा पिऊन गेली. संध्याकाळी लाइट गेली होती, त्यामुळे डबा बंद. राजनंदिनी ओट्याच्या कडेला बसून तशीच वाजवत राहिली. आवाज इतका बारीक की आबांना कानाचं मशीन लावूनही खाली वाकावं लागलं. ते वाकले. बराच वेळ तसेच राहिले. झुंबरबाई आतून म्हणाली, "कंबर धरंल तुमची."

"गप," आबा म्हणाले. "ऐकू दे."

पण दुसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी गिटार पालथी घातली आणि त्यांना ती पट्टी दिसली. मान जिथं धडाला मिळते, तिथं पाठीमागं एक चौकोनी लोखंडी पट्टी आणि तिला चार स्क्रू.

आबांनी सांडूला फोन लावला. "मानंला जोड हाय. तुटलेली मान बसवून दिली त्यानं."

राजनंदिनी कॉलेजला निघाली होती. ते दिवस ती होस्टेलवर न राहता घरूनच जाऊन-येऊन करत होती. बोलीचं जनावर परगावी ठेवत नाहीत असं आबांचं म्हणणं होतं. "आबा, सगळ्याच अशा असतात. कारखान्यातूनच स्क्रू लावून येतात. मान वेगळी, धड वेगळं."

"तुझी मान येगळी आली का?"

"आबा, मी गिटार न्हाई."

"बैलाची तरी?"

काळीपिवळी जीप चुकेल म्हणून ती निघून गेली. जाताना तिनं आजीला सांगितलं, "आबांना हात लावू देऊ नको." झुंबरबाईनं हो म्हटलं. पन्नास वर्षं ती त्या माणसाला कशाला ना कशाला हात लावू देत नव्हती आणि पन्नास वर्षं त्याचा उपयोग झाला नव्हता.

हसनाबादहून सांडू आला तोवर आबांनी पेचकस काढून ठेवला होता.

"कल्याण म्हणला ना खोलायचं न्हाई?" सांडू म्हणाला.

"तुटलेली असंल तर त्यानं आधी बोली मोडली. न्हाई तुटलेली तर परत लावून ठिवू. कुणाला कळतंय."

हा युक्तिवाद मी मोठमोठ्या चौकशी समित्यांच्या अहवालांतही वाचला आहे.

दोघांनी खुंट्या पिळून तारा सैल केल्या, चारी स्क्रू काढले, आणि मान उचलली. ती सहज निघाली. तुटलेली नव्हती. कापणी स्वच्छ होती. खोबण मानेला अंगरख्यासारखी बसत होती. सांडू म्हणाला, "काम नामी हाय, गड्या." आबाही मान डोलवणार होते, तेवढ्यात त्यांना खोबणीच्या तळाला काहीतरी चिकटलेलं दिसलं. त्यांनी नखानं काढलं.

पुठ्ठ्याचा तुकडा. दोन बोटं लांब, करड्या रंगाचा, वहीच्या पाठीला असतो तसा.

आबांनी तो तळहातावर धरला. बत्तीस हजारांची वस्तू, समुद्रापलीकडून आलेली, आभाळाच्या रंगाची, आणि तिच्या मानेखाली पुठ्ठा. त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना राग कल्याणचा आला नव्हता. आदल्या संध्याकाळी आपण वाकून ऐकलं, याचा आला होता.

"झुंबरे, हे बघ. बत्तीस हजार."

झुंबरबाई चुलीवर पाणी तापवत होती. तिनं तिथूनच पाहिलं. "मंग? तुमच्या कुऱ्हाडीच्या दांड्यात काय चांदी हाय? माझं जुनं लुगडं फाडून कोंबलंय न्हव तुमी. कुदळीला पाचर, वखराला पाचर, खाटंला पाचर. पाचरीबिगर ह्या घरात एक वस्तू दाखवा."

"पाचर लाकडाची असती. हा पुठ्ठा."

"मंग लाकडाची मारा. माझं डोकं खाऊ नका."

तिनं चिडून सांगितलं आणि यांनी सल्ला म्हणून घेतला. संसारात बरीच कामं अशीच झालेली आहेत. आबांनी जुन्या जुवाचा बाभळीचा तुकडा काढला, विळ्यानं तासला, काचेनं घासला, आणि तासाभरात अशी पाचर केली की बघणाऱ्यानं हातात धरून ठेवावी. पुठ्ठा त्यांनी चुलीजवळ ठेवला होता. झुंबरबाईनं चूल सारताना तो आत सरकवला. पाचर खोबणीत बसवली, मान बसवली, स्क्रू आवळले. सांडूनं तारा ताणल्या. बाहेरून काही कळत नव्हतं.

"आता खरी झाली," आबा म्हणाले.

संध्याकाळी राजनंदिनी आली. हातपाय धुतले, डबा जोडला, तारा सुरात लावायला लागली. लागेनात. कशाबशा लागल्या, तर कुठंही बोट ठेवलं तरी तार खाली लोखंडी पडद्यांवर आपटायची आणि खर्र असा आवाज यायचा, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. तिनं गिटार डोळ्यांसमोर आडवी धरली. तारा मानेवर जवळजवळ झोपल्या होत्या.

तिनं पालथी केली. स्क्रूंच्या खाचांत नवी चमक होती.

"आबा, खोलली?"

ओट्यावर सांडू होता, त्यानं चपला घातल्या.

"आत काय घातलं?"

"पुठ्ठा व्हता. त्याच्या जागी बाभूळ घातली. चांगली, मुरलेली. पन्नास वर्षांत हलायची न्हाई."

राजनंदिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. गिटार हळूच खाटेवर ठेवली. "आबा, वापसच करायची व्हती तर सरळ सांगायचं. मी मानलं असतं. आशी मोडून कामून करायची?"

ती आत गेली. आबा बसून राहिले. जेवणाला दोनदा हाक आली, ते उठले नाहीत. झुंबरबाई शेवटी ताट घेऊन बाहेर आली आणि तिनं ते ओट्यावर त्यांच्यापुढं ठेवलं. त्या घरात हे प्रथमच घडत होतं.

सोमवारी तिघं काळीपिवळीनं जालन्याला निघाले. राजनंदिनी खिडकीशी, गिटार मांडीवर. ती त्या संध्याकाळपासून कुणाशी बोललेली नव्हती; आजीशी तेवढी तेलाची वाटी कुठाय इतकंच बोलली. मागच्या बाकावर आबा आणि सांडू.

सांडू हलक्या आवाजात म्हणाला, "बद्रीनाथ, तू काय बोलू नको. म्हणायचं, आशीच निघाली, खर्र करती. तो बदलून दिल. त्याला काय, कंपनीला वापस पाठविल."

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तू सांगितलंस, तर तो घेणार न्हाई. पैसेबी गेले, गिटारबी गेली. पोरीला दुसरी मिळायची न्हाई, तूच बोलून ठिवलं. इचार कर."

"बोली केली व्हती ना," आबा म्हणाले.

"त्याला कुठं म्हाईत बोली काय असती!"

"मला म्हाईत हाय न्हव."

राजनंदिनीनं हे ऐकलं. तिला दोन्ही वाटलं. आबा गप्प बसले तर नवी गिटार मिळेल. बोलले तर ही मोडकी गळ्यात पडेल किंवा तीही नाही. आबांनी गप्प बसावं असं तिला वाटलं, आणि ते बसले तर पुन्हा त्यांच्या पुढ्यात वाजवायला आपल्याला लाज वाटेल, असंही वाटलं. तिनं पिशवीची चेन वर केली, खाली केली.

दुकानात पाय टाकताच आबा म्हणाले, "कल्याणशेठ, जनावराला इजा झाली. आमच्या हातानं. मी खोललं."

सांडूनं कपाळाला हात लावला.

कल्याणनं गिटार घेतली, वाजवली, तोंड वाकडं केलं. चार स्क्रू काढले, मान उचलली, आणि बाभळीची पाचर बाहेर आली. ती त्यानं उजेडात धरली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"काम सुंदर आहे," कल्याण म्हणाला. "पण जाड आहे, आबा. मान मागे झुकली, तारा खाली आल्या. जुना तुकडा आणलाय?"

"चुलीत गेला."

कल्याणनं इकडंतिकडं पाहिलं. गणपतीच्या फोटोखाली अगरबत्तीचा रिकामा पुडा होता. त्याचं झाकण त्यानं फाडलं, बोटात दाबून पाहिलं, कात्रीनं एक तुकडा कापला, खोबणीत ठेवला, मान बसवली. तारा लावल्या. छेडल्या. मग तारा सैल करून मान पुन्हा उचलली, तोच तुकडा थोडा अरुंद केला, आणि पुन्हा सगळं बसवलं. त्यानं गिटार राजनंदिनीच्या हातात दिली.

खर्र नव्हतं. तिनं खालपासून वरपर्यंत बोटं नेली. स्वर मोकळे आले. तिचा श्वास सुटलेला सांडूलाही ऐकू आला, आणि त्याच्या कानाला मशीनसुद्धा नव्हतं.

"अगरबत्तीचा पुठ्ठा," आबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण मान्यताही नव्हती. "बत्तीस हजारात."

"आबा, लाकूड ते लाकूड. मशीन शंभर खोबणी कापतं, त्यातली एखादी केसभर हलते. लाखाच्या गिटारवाला ते लाकूड फेकून देतो. हा निळीवाला फेकत नाही, पुठ्ठा घालून बराबर करतो. महागाच्या किमतीत काय काय असतं माहितीय? फेकून दिलेल्या लाकडाचेही पैसे असतात."

आबांनी यावर विचार केला. विचार करण्यासारखंच होतं ते. आपण वस्तूचे पैसे देतो असं समजतो, आणि न दिसणाऱ्या कितीतरी नाकारलेल्या वस्तूंचे देत असतो. लग्न जमवणाऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे.

"महागाची दाखवा," आबा म्हणाले.

कल्याणनं भिंतीवरून एक काळी गिटार काढली. दुप्पट किमतीची. आबांनी ती पालथी केली. पाठ सपाट, पट्टी नाही, स्क्रू नाही. मान धडातूनच उगवल्यासारखी.

"खोला."

"ही खुलत नाही, आबा. मान चिकटवलेली आहे, कायमची."

"म्हंजी आत काय हाय ते कळणार न्हाई."

"नाही."

"आन् त्याचे दुप्पट."

प्रामाणिक माणूस असल्यामुळे कल्याण नुसताच हसला.

आबांनी काळी गिटार राजनंदिनीकडे दिली. "वाजव. आन् खरं सांग. मी सांगितलं, आता तू सांग."

तिनं काळी वाजवली. मग निळी वाजवली. मग पुन्हा काळी, जरा जास्त वेळ. सांडू म्हणाला, दोन्ही सारख्याच. आबा तिच्या हातांकडे बघत होते.

"काळी चांगली हाय," ती म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं. आवाजावरून कळत होतं. "लांबलेला सूर जास्त टिकतो. बोट टेकलं की लागतं, दाबावं लागत न्हाई. निळीच्या खुंट्याही जरा सैल हायेत, सारखं सुरात लावावं लागंल."

"मंग?"

"मंग काय. काळीत जे हाय, त्यातलं निम्मं अजून माझ्या हातातच न्हाई, आबा. निळीत जे हाय, तेसुद्धा सगळं काढायला मला दोन-तीन वर्षं लागतील." ती थांबली. "पण वापस करायची असंल तर करा. खोड निघाली, ते खरं हाय. मी इषय काढणार न्हाई."

आबांनी निळी गिटार पुन्हा घेतली आणि मानेवरून तळहात फिरवला. कडा आता बोचत नव्हत्या. त्यांनी खांद्याला अडकवायचा पट्टा पाहिला, दुकानानं बरोबर दिलेला, काळा, जाड, नवा. त्याची दोन्ही टोकं त्यांनी बटनांवरून सोडवली, पट्टा गुंडाळला, आणि कल्याणच्या पुढं काचेवर ठेवला.

"हे ठिवून घ्या."

कल्याण गोंधळला. "अहो, पट्टा फ्री आहे, आबा. गिटारबरोबरच येतो."

"न्हाई, न्हाई."

"पैसे नाहीत हो त्याचे!"

सांडू पुढं झाला. आतापर्यंतच्या खरेदीत त्याला पहिल्यांदाच स्वतःचा अधिकार असलेला विषय मिळाला होता. "शेठ, विकलेल्या जनावराचं दावं विकणाऱ्याकडंच ठिवत्यात. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी जाती म्हणं. घेणारा आपलं दावं घरून आणतो. दावं वापस आलं, म्हंजी सौदा झाला."

कल्याणनं पट्ट्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा कानाच्या मशीनशी काहीतरी करत होते.

"दुसऱ्या पट्ट्याला काय लागंल ते बघू," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "जल्दी चल, काळीपिवळी भरून जाईल."

एक शब्दही बोललं तर सौद्यात फट पडेल असं राजनंदिनीला वाटलं असावं. तिनं गिटार पिशवीत घातली आणि एका दमात चेन ओढली. चेन कुठंही अडकली नाही. या किमतीत ती खरंच चांगली होती.